डायलिसिसवरचे हृदय आणि रक्तातले आकडे

डायलिसिसवर असलेल्या माणसाची मूत्रपिंडे निकामी झालेली असतात, पण त्याचा जीव सर्वांत जास्त वेळा जातो तो हृदयापायी. हे आज कळलेले नाही. अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० साली हातातल्या रक्तवाहिन्यांना कायमची जोडून ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी तयार केली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स हा बोइंगच्या कारखान्यातला कामगार. तो त्यानंतर अकरा वर्षे जगला आणि हृदयविकाराने गेला. १९७४ मध्ये स्क्रिबनर यांच्याच गटाने ३९ रुग्णांचा अनुभव मांडला आणि सांगितले की, दीर्घकाळ डायलिसिस घेणाऱ्यांच्या धमन्या अकाली खराब होतात. १९९८ साली फोली, पार्फ्रे आणि सार्नाक यांनी अमेरिकेतल्या नोंदींचा हिशेब मांडला, तेव्हा चित्र आणखी भीषण दिसले. पंचवीस ते चौतीस वर्षांच्या डायलिसिस रुग्णाला हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याची शक्यता पंचाहत्तरी ओलांडलेल्या इतर माणसाइतकी होती.

या भीतीतून एक समजूत घट्ट झाली आहे. हृदयाचा धोका रक्तात आधी दिसतो. म्हणून कोलेस्टेरॉल, सीआरपी, होमोसिस्टीन, लायपोप्रोटीन-ए, पॅराथॉर्मोन, हिमोग्लोबिन यांतले काय बिघडले आहे ते शोधावे, बिघडलेला आकडा औषधाने ‘नॉर्मल’मध्ये आणावा, म्हणजे धोकाही तेवढाच उतरतो. नातेवाईक हे मानतात, लॅबची ‘कार्डियाक प्रोफाइल’ पॅकेजे याच गृहीतकावर विकली जातात आणि पुष्कळ डॉक्टरही प्रिस्क्रिप्शन लिहिताना याच वाटेने जातात. माझे म्हणणे असे आहे की, या समजुतीचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि दुसरा डायलिसिसच्या रुग्णांपुरता जवळपास प्रत्येक कसोटीवर पडला आहे. त्या दुसऱ्या भागावर रुग्णाचे पैसे, त्याचे लक्ष आणि डॉक्टरचा वेळ खर्च होतो, आणि ज्याने हृदय खरोखर खचते त्याकडे कोणी बघत नाही.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. सर्वसामान्य माणसांत ही रीत यशस्वी झाली आहे. स्टॅटिनने एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरवले की हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे झटके सुमारे पाचव्या हिश्श्याने घटतात. हे लाखाहून अधिक माणसांवरच्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. डायलिसिसच्या रुग्णांतही रक्तातल्या खुणा भविष्य सांगतात, यात शंका नाही. १९९९ मध्ये झिमरमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या २८० रुग्णांत दाखवले की, सीआरपी (अंगातल्या दाहाची खूण) जितका जास्त तितका मृत्यू जवळ. इटलीतल्या झोकाली यांच्या गटाने २००१ मध्ये २२५ रुग्णांत एडीएमए या रेणूबाबत तेच दाखवले. २००३ मध्ये फेट्युइन-ए या प्रथिनाचे प्रमाण कमी असलेल्यांत मृत्यू जास्त आढळले. प्रत्येक खुणेमागे पटेल अशी कारणमीमांसा होती. मग ज्या डॉक्टरने ही खूण सुधारायचा प्रयत्न केला त्याला दोष कसा द्यायचा? हेतूबद्दल देता येत नाही. पण खूण सुधारल्यावर माणूस वाचतो का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर फक्त एकाच प्रकाराने मिळते. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटाची खूण सुधारायची आणि मेलेले-जगलेले मोजायचे. डायलिसिसमध्ये हे अनेकदा झाले आहे, आणि निकाल वाचल्यावर समजूत टिकत नाही.

कोलेस्टेरॉलपासून सुरुवात करू. जर्मनीतल्या ‘४डी’ चाचणीत मधुमेह असलेले १२५५ हिमोडायलिसिस रुग्ण होते. अर्ध्यांना अॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, अर्ध्यांना औषध नसलेली नुसती गोळी. एलडीएल ४२ टक्क्यांनी उतरले. चार वर्षांनी हृदयमृत्यू, हार्ट अॅटॅक आणि पक्षाघात यांची एकत्र मोजणी झाली, तेव्हा फरक अवघा ८ टक्क्यांचा निघाला, आणि तोही योगायोगाने पडावा इतका किरकोळ. हा निकाल २००५ साली आला. टीकाकार म्हणाले, रुग्ण सगळे मधुमेही होते, आजार फार पुढे गेला होता. चार वर्षांनी ‘ऑरोरा’ चाचणीचा निकाल आला. या वेळी २७७६ रुग्ण होते, मधुमेही आणि बिगरमधुमेही दोन्ही, औषध रोसुव्हास्टॅटिन. एलडीएल ४३ टक्क्यांनी उतरले, सीआरपीही काहीसा उतरला. म्हणजे एका गोळीने दोन खुणा सुधारल्या. हृदयाच्या मोठ्या घटना शंभर रुग्ण-वर्षांमागे औषधाच्या गटात ९.२ झाल्या आणि नुसत्या गोळीच्या गटात ९.५.

इथे प्रतिपक्ष ‘शार्प’ चाचणीचा दाखला देतो आणि तो द्यायलाच हवा. २०११ च्या या चाचणीत मूत्रपिंडाच्या आजाराचे ९२७० रुग्ण होते. सिम्व्हास्टॅटिन आणि एझेटिमाइब मिळून मोठ्या घटना १७ टक्क्यांनी घटल्या. मात्र या रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांश डायलिसिसवर नव्हते. पुढे २८ स्टॅटिन चाचण्यांतल्या प्रत्येक रुग्णाची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये हिशेब झाला. त्यात मूत्रपिंडाचे काम जसजसे कमी तसतसा कोलेस्टेरॉल उतरवण्याचा फायदाही कमी होत गेलेला दिसला, आणि डायलिसिसच्या रुग्णांपाशी तो सिद्ध म्हणता येईल इतका उरला नाही. त्याआधीच, २०१३ च्या ‘केडिगो’ या मूत्रपिंडविकारांवरच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिले आहे की, डायलिसिसवर असलेल्या प्रौढांत स्टॅटिन नव्याने सुरू करू नये. आधीपासून चालू असेल तर चालू ठेवावे. हे दुसरे वाक्य विसरता कामा नये. डायलिसिस सुरू होण्याआधी वाचलेल्या धमन्यांचे श्रेय त्या गोळीला असू शकते.

होमोसिस्टीनची गोष्ट थोडक्यात संपते. ‘होस्ट’ या अमेरिकी चाचणीत २०५६ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ४० मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड, जोडीला बी-६ आणि बी-१२ दिले. होमोसिस्टीन पाव हिश्श्याने उतरले, मृत्यू घटले नाहीत. हे २००७ साली छापून आले. तरीही होमोसिस्टीनची महागडी तपासणी आणि पाठोपाठ जीवनसत्त्वांची मोठ्या ताकदीची गोळी हा प्रकार अजून चालूच आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. पॅराथॉर्मोनबाबत ‘इव्हॉल्व्ह’ ही ३८८३ रुग्णांची चाचणी झाली. सिनाकॅल्सेटने हार्मोन उतरला, हृदयाच्या घटनांतला मुख्य फरक निर्णायक ठरला नाही. हाडांसाठी त्या औषधाचे स्थान आहे, तो मुद्दा निराळा.

आता हिमोग्लोबिन. माझ्या मते या सगळ्या वादाचा निकाल एकट्या हिमॅटोक्रिटच्या (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाच्या) चाचणीत लागला आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक बनवतात. ती बंद पडली की रक्त कमी होते. १९८९ पासून हे संप्रेरक इंजेक्शनने देता येऊ लागले आणि रक्त द्यावे लागण्याच्या त्रासातून हजारो रुग्ण सुटले. मग सरळ विचार आला. रक्त थोडे वाढवल्याने इतके बरे वाटते, तर ते निरोगी माणसाच्या पातळीवर का नेऊ नये? नोंदी हेच सांगत होत्या की ज्यांचा हिमॅटोक्रिट जास्त ते जास्त जगतात. बेसाराब आणि सहकाऱ्यांनी हृदयविकार असलेल्या १२३३ डायलिसिस रुग्णांवर चाचणी मांडली. एका गटाचे लक्ष्य हिमॅटोक्रिट ४२ टक्के, दुसऱ्याचे ३० टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. ४२ च्या गटात १८३ मृत्यू आणि १९ जीवघेणे न ठरलेले हार्ट अॅटॅक, ३० च्या गटात १५० मृत्यू आणि १४ हार्ट अॅटॅक. फिस्टुला किंवा ग्राफ्ट, म्हणजे डायलिसिससाठी केलेला रक्तवाहिनीचा जोड, गुठळ्या होऊन बंद पडण्याचे प्रमाणही पहिल्या गटात जास्त, ३९ टक्के विरुद्ध २९ टक्के.

पण त्या शोधनिबंधातली सर्वांत महत्त्वाची ओळ पुढे आहे. दोन्ही गटांच्या आत, वेगवेगळे पाहिले तर, ज्या रुग्णाचा हिमॅटोक्रिट जास्त त्याच्यात मृत्यू कमीच होते. म्हणजे खुणेने भविष्य अचूक सांगितले, दोन्हीकडे सांगितले, आणि तरीही औषधाने ती खूण वर ढकललेल्या गटात माणसे जास्त दगावली. ज्याचे शरीर धडधाकट त्याचे रक्त थोड्या औषधानेही वाढते. ज्याच्या अंगात दाह आहे, कुपोषण आहे, लपलेला जंतुसंसर्ग आहे, त्याचे रक्त वाढत नाही, आणि वाढवण्याच्या हट्टापायी त्याला औषधाचे डोस चढत जातात. आकडा तब्येतीबद्दल सांगत होता. आपण त्याला तब्येतीचे कारण समजलो. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या इंजेक्शनांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आज लक्ष्य साधारण १० ते ११.५ ग्रॅम हिमोग्लोबिनचे ठेवतात आणि ‘नॉर्मल’ गाठायचा प्रयत्न करत नाहीत.

न्यायशास्त्रात अनुमानाचे ठरलेले उदाहरण आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. अनुमान निर्दोष आहे. पण धूर पांगवला म्हणून अग्नी विझत नाही, आणि डायलिसिसमधल्या बहुतेक खुणांबाबत आपण पंखा घेऊन धूर पांगवत बसलो आहोत.

असे का व्हावे? जी गोळी शेजारच्या काकांचा हार्ट अॅटॅक टाळते, तीच डायलिसिसच्या रुग्णापाशी का हरते? उत्तर हृदय कशाने बंद पडते यात आहे. सर्वसामान्य माणसात कोलेस्टेरॉलची चकती फुटते, तिच्यावर गुठळी बसते, धमनी बंद होते. डायलिसिसच्या रुग्णातही हे होते, पण त्याच्या मृत्यूंत याचा वाटा लहान असतो. मोठा वाटा अचानक हृदय थांबण्याचा, ताल बिघडण्याचा आणि हृदय थकून फुप्फुसात पाणी भरण्याचा. डायलिसिस सुरू होते त्याच वेळी चारपैकी तिघांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली असते. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, अंगातले जादा पाणी आणि रक्ताची कमतरता यांनी ती जाड होते. जाड भिंतीत केशवाहिन्या पुरत नाहीत, तंतुमय ऊतक वाढते आणि विजेचा प्रवाह वाकडातिकडा जातो. धमन्यांत कोलेस्टेरॉलच्या चकत्यांखेरीज मधल्या थरात चुना साचतो, आणि त्याला कोलेस्टेरॉलशी फारसे देणेघेणे नाही. २००० साली गुडमन आणि सहकाऱ्यांनी वीस ते तीस वर्षांच्या १६ डायलिसिस रुग्णांचे स्कॅन केले, तेव्हा १४ जणांच्या हृदयधमन्यांत चुना आढळला. विशीतल्या पोरांच्या हृदयात चुना. अशा हृदयावर आठवड्यातून दोन-तीनदा काही तासांत काही लिटर पाणी काढले जाते, पोटॅशियम झपाट्याने खाली येते, कॅल्शियम हलते, रक्तदाब कोसळतो. लिपिड प्रोफाइलमध्ये यातले काहीही दिसत नाही.

हा हिशेब एकदा डोळ्यांसमोर मांडून पाहावा. एका बाईचे ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, ६० किलो आहे. सोमवारी सकाळी ती सेंटरमधल्या वजनकाट्यावर उभी राहते आणि काटा ६४ दाखवतो. म्हणजे चार लिटर पाणी काढायचे. शिफ्ट चार तासांची, म्हणजे तासाला एक लिटर, म्हणजे तिच्या वजनाच्या दर किलोमागे तासाला जवळजवळ १७ मिलिलिटर. फ्लाइथ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की, हा वेग १३ च्या पुढे गेलेल्यांत हृदयाने होणारे मृत्यू लक्षणीय जास्त असतात. १३ च्या आत राहायचे तर तिला पाच तासांहून थोडे जास्त मशीनवर बसावे लागेल, किंवा अंगात तीनच लिटर जादा पाणी घेऊन यावे लागेल. तीन लिटरला वेग १२.५ पडतो. आता ते पाणी आले कुठून ते पाहा. शरीर एक लिटर पाणी साठवते तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे आठ ग्रॅम मीठ असते. आठ ग्रॅम मीठ पोटात गेले की तहान लागणार, आणि एक लिटर पाणी प्यायल्याशिवाय ती भागणार नाही. लोणचे, पापड, शेंगदाण्याची खारट चटणी, फरसाण, बाहेरची भाजी यांत आठ ग्रॅम मीठ कधी भरते ते कळतही नाही. ‘पाणी कमी प्या’ असे रुग्णाला दहादा सांगितले जाते. मीठ कमी केल्याशिवाय ते पाळणे कोणाही माणसाला शक्य नाही, हे सांगणारे फार थोडे.

सुज्ञ प्रतिपक्षी इथे मला अडवेल, आणि त्याला तसा हक्क आहे. तो म्हणेल, १३ मिलिलिटरचा आकडा हीदेखील एक खूणच झाली. ती सुधारल्याने माणूस वाचतो, हे कुठे सिद्ध आहे? आक्षेप रास्त आहे. या बाजूलाही निराशा आलेल्या आहेत. ‘हेमो’ चाचणीत १८४६ रुग्णांपैकी निम्म्यांचा युरिया जास्त साफ केला. युरिया हीदेखील खूणच, आणि २००२ च्या निकालात मृत्यूंत फरक पडला नाही. डायलिसिसचे द्रावण थोडे थंड ठेवले तर हृदयावरचा ताण कमी होईल, ही आशा कॅनडातल्या पंधरा हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘मायटेम्प’ चाचणीत २०२२ साली फोल ठरली. म्हणून मी अधिक वेळाचे डायलिसिस हा रामबाण आहे असे म्हणत नाही. पण दोन गोष्टींचे वजन वेगळे पडते. एक म्हणजे, इथे बिघाड घडताना दिसतो. इंग्लंडमध्ये डार्बी इथे मॅकइंटायर यांच्या गटाने डायलिसिस चालू असताना हृदयाची सोनोग्राफी केली, तेव्हा ७० पैकी ४५ रुग्णांत हृदयाच्या भिंतीचे काही भाग त्या तासांत आकुंचन पावेनासे झालेले दिसले. जितके पाणी जास्त काढले आणि रक्तदाब जितका पडला, तितके हे जास्त. दुसरी गोष्ट म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांचा कौल. २००९ च्या ‘ड्रिप’ चाचणीत ड्राय वेट हळूहळू खाली आणल्याने रक्तदाब उतरला. २०१० च्या ‘एफएचएन’ चाचणीत आठवड्याला सहा वेळा डायलिसिस केलेल्या रुग्णांत हृदयाच्या भिंतीची जाडी कमी झाली, रक्तदाब सुधारला, रुग्णांना बरे वाटले. किंमत अशी की फिस्टुलावर वारंवार उपचार करावे लागले. स्टॅटिनने एलडीएल जवळजवळ निम्म्यावर आणूनही हृदयाच्या बाबतीत यातले काही साधले नव्हते.

दोन डायलिसिसमधल्या मोठ्या खंडाचा पुरावा तर कोणीही नाकारू शकत नाही. आठवड्याला तीन डायलिसिस असले तरी त्यांत एक खंड दोन दिवसांचा पडतोच. ३२,०६५ अमेरिकी रुग्णांच्या २०११ मधल्या अभ्यासात त्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचा दर शंभर रुग्ण-वर्षांमागे २२.१ होता, इतर दिवशी १८. हृदयासाठी इस्पितळात भरती होण्याचा दर ४४.२ विरुद्ध १९.७. दोन दिवसांत माणसाचे कोलेस्टेरॉल बदलत नाही. पाणी आणि पोटॅशियम बदलते.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक तीव्र आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने आणि राज्यातल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेने जिल्ह्याच्या गावी डायलिसिस आणले, हे मोठे काम झाले. पण भारतात असंख्य रुग्ण अजूनही आठवड्याला दोनदाच येतात. सोमवार आणि गुरुवार, म्हणजे गुरुवार ते सोमवार तीन दिवसांचा खंड. कारणे उघड आहेत : एसटीचा प्रवास, बुडणारी रोजंदारी, सोबत येणाऱ्या माणसाचीही बुडणारी रोजंदारी. अशा घरातून ‘हार्ट प्रोफाइल’साठी दोन-तीन हजार रुपये काढले जातात, तेव्हा ते तिसऱ्या डायलिसिसच्या गाडीभाड्यातून किंवा अंड्यांच्या पैशातून जातात. माझा राग आहे तो इथे.

आकडा ‘चांगला’ आल्याने होणारे नुकसान तर आणखी दुर्लक्षित आहे. रुग्णाचे कोलेस्टेरॉल २१० वरून १२० वर आले, तेलतूप सोडल्याचे फळ मिळाले म्हणून घर समाधान मानते. डायलिसिसच्या रुग्णांत कमी कोलेस्टेरॉल असलेले जास्त मरतात, हे १९९० पासून नोंदवले गेले आहे. २००४ मध्ये ८२३ रुग्णांच्या अभ्यासात या विचित्र गोष्टीचा उलगडा झाला. ज्यांच्या अंगात दाह किंवा कुपोषण होते त्यांच्यात कोलेस्टेरॉल कमी आणि मृत्यू जास्त. ज्यांच्यात दोन्ही नव्हते, त्यांच्यात मात्र जास्त कोलेस्टेरॉलबरोबर मृत्यू वाढत होते, इतर माणसांसारखेच. म्हणजे कोलेस्टेरॉलचा गुणधर्म बदलला नव्हता. त्याच्यावर एका मोठ्या आजाराची सावली पडली होती. म्हणून प्रयत्न न करता कोलेस्टेरॉल उतरले असेल, वजन घटत असेल, जेवण जात नसेल, तर ती अभिनंदनाची बाब नाही. आत काहीतरी बिघडले आहे. हिरड्यांतला पू, निकामी झालेला जुना ग्राफ्ट, मानेतली दीर्घकाळ राहिलेली कॅथेटर, क्षयरोग : शोधायचे ते हे. अल्ब्युमिनबाबतही तसेच. लॉरी आणि ल्यू यांनी १९९० मध्ये बारा हजारांहून अधिक रुग्णांत दाखवले की, कमी अल्ब्युमिन हा मृत्यूचा सर्वांत बोलका इशारा आहे. पण अल्ब्युमिनची बाटली शिरेतून चढवून रिपोर्ट सुधारणे हे पुन्हा तेच धूर पांगवणे झाले.

मग रक्त तपासूच नये का? हे म्हणणे दुसऱ्या टोकाची चूक होईल, आणि मी तिचेही खंडन करतो. खुणेला योग्य प्रश्न विचारला तर ती मोलाची असते. ट्रोपोनिन या, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाचे पाहा. २००२ मध्ये अॅपल आणि सहकाऱ्यांनी ७३३ डायलिसिस रुग्णांत तपासले. छातीत न दुखताही ८२ टक्क्यांचा ट्रोपोनिन-टी सर्वसामान्य मर्यादेच्या वर होता, तर ट्रोपोनिन-आय फक्त ६ टक्क्यांचा. ट्रोपोनिन-टी अगदी कमी असलेल्यांत दोन वर्षांत ८.४ टक्के दगावले, सर्वांत जास्त असलेल्यांत ४७ टक्के. एवढे बोलके भाकीत करणारी तपासणी टाकाऊ कशी? पण मध्यरात्री धाप लागली म्हणून हाच रुग्ण कॅज्युअल्टीत जातो, एकच नमुना घेतला जातो, ‘ट्रोपोनिन पॉझिटिव्ह’ असा शेरा पडतो आणि अँजिओप्लास्टीची तयारी सुरू होते. त्याचा ट्रोपोनिन तर महिनाभरापूर्वीही तेवढाच असेल. अशा वेळी तीन तासांनी दुसरा नमुना घेऊन आकडा हलतो आहे का ते पाहायचे असते. हलला, साधारण २० टक्क्यांहून जास्त, तर ताजी इजा. स्थिर राहिला तर जुने, झिजत चाललेले हृदय. म्हणून प्रत्येक डायलिसिस रुग्णाच्या फाइलमध्ये बरा असतानाचा एक ट्रोपोनिन लिहिलेला असावा, असे माझे ठाम मत आहे. तो औषध देण्यासाठी नाही, तर अडचणीच्या रात्री तुलनेसाठी.

नमुना कधी घेतला यावरही बरेच अवलंबून असते. डायलिसिस संपल्यावर रक्त दाट होते आणि अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन खोटेच वाढलेले दिसतात. हेपॅरिन दिल्यावर ट्रायग्लिसराइड बदलतात. काही फिल्टर बीएनपी ही हृदयावरच्या ताणाची खूणच धुऊन टाकतात. आठवड्याच्या मधल्या वारी, मशीन लावण्याआधी, हेपॅरिनच्या आधी घेतलेला नमुना हाच महिन्या-महिन्यांच्या तुलनेला लायक.

आणि एक खूण अशी आहे की जी खरोखर कारणही आहे : पोटॅशियम. ते साडेसहाच्या पुढे गेले तर हृदय थांबू शकते, आणि उतरवले की धोका त्याच तासाला उतरतो. पण तिथेही हव्यास नको. द्रावणात पोटॅशियम फार कमी ठेवून ते वेगाने ओढून काढलेल्या रुग्णांत सेंटरमध्येच हृदय थांबण्याच्या घटना जास्त आढळल्या आहेत.

सीआरपीबाबत दार अजून उघडे आहे. इंटरल्यूकिन-६ रोखणाऱ्या क्लाझाकिझुमॅब या औषधाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत डायलिसिस रुग्णांचा सीआरपी ८५ टक्क्यांहून अधिक उतरवला. त्याने माणसे वाचली असे मोठ्या चाचणीत दिसले, तर सीआरपीपुरते माझे म्हणणे मी मागे घेईन, कारण तेव्हा धुराबरोबर आगीवरही पाणी पडल्याचे सिद्ध होईल. आकडा उतरला एवढ्यावर मात्र नाही.

डायलिसिस घेणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एक विनंती. स्टॅटिन, बीपीची किंवा दुसरी कोणतीही गोळी हे वाचून स्वतःहून बंद करू नका. ‘हार्ट प्रोफाइल’ची नवी चिठ्ठी हातात आली, तर त्या निकालाने उपचारात काय बदलणार आहे ते डॉक्टरांना विचारा, आणि उत्तर ‘काही नाही’ असेल तर पैसे वाचवा. त्याऐवजी चार गोष्टी विचारा. माझे ड्राय वेट शेवटचे कधी तपासले? माझे पाणी तासाला किती वेगाने काढले जाते? माझी शिफ्ट अर्धा तास वाढवता येईल का? तिसरे डायलिसिस योजनेत बसेल का? सेंटरमधल्या टेक्निशियनला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच देता आली पाहिजेत. ती तुमच्याच फाइलमध्ये लिहिलेली असतात.